कोबीवर्गीय पिकांतील विषाणुरोधक जनुकांचा शोध

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम, चायनीज कोबी, मोहरी आणि सरसों ही ब्रॅसिका प्रजातीतील पिके. त्यांच्यात विषाणूला दाद न देणारी झाडे हुडकून, तो गुण कोणत्या गुणसूत्रावरील कोणत्या जनुकामुळे येतो हे निश्चित करण्याचे हे संशोधन आहे. ते मुख्यतः टर्निप मोझॅक विषाणूभोवती फिरते.

१९२१ साली अमेरिकेत प्रथम वर्णन झालेला हा विषाणू पॉटीव्हायरस गटातला. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पडतात, पाने सुरकुततात, झाड खुरटते. साठवणुकीतला कोबीचा गड्डा वरून ठणठणीत दिसतो आणि कापल्यावर आतल्या पानांवर काळे, खोलगट ठिपके निघतात. रोग माव्यामार्फत पसरतो. बाधित पानात सोंड खुपसून चव पाहण्यापुरता वेळ माव्याला पुरतो. पुढच्या झाडावर तो तितक्याच झटपट विषाणू सोडतो. फवारलेल्या औषधाने मावा मरण्याआधीच काम झालेले असते. म्हणून खरा भरवसा प्रतिकारक वाणावरच ठेवावा लागतो.

चाचणीची पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. कोवळ्या पानाला सूक्ष्म ओरखडे पडावेत म्हणून त्यावर कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाची बारीक भुकटी टाकून बाधित पानाचा रस हलक्या हाताने चोळतात. काही आठवड्यांनी लक्षणे पाहतात आणि प्रतिपिंडांच्या आधारे विषाणू ओळखणाऱ्या एलायझा चाचणीने पानात विषाणू आहे का ते तपासतात. ही दुसरी पायरी गाळून चालत नाही, कारण लक्षण न दाखवणाऱ्या झाडातही विषाणू वाढत असू शकतो. मग प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या झाडांचा संकर करून संततीतील प्रमाण मोजतात आणि डीएनए मार्करच्या, म्हणजे गुणसूत्रावरील ठिकाण ओळखू देणाऱ्या डीएनएतील खुणांच्या, आधाराने जनुकाची जागा आखडत आणतात.

१९९९ मध्ये इंग्लंडमधील वेल्सबर्न येथे जॉन वॉल्श यांच्या गटाने रेप या तेलबियांच्या ब्रॅसिका पिकाच्या ए-जनुकसंचातील (म्हणजे ‘ए’ नावाच्या गुणसूत्रांच्या संचातील) सहाव्या गुणसूत्रावर टीयूआरबी०१ या प्रभावी (एकाच प्रतीने गुण दाखवणाऱ्या) जनुकाची जागा दाखवली. अशा जनुकांचा दुबळेपणाही तिथेच उघड झाला. विषाणूच्या एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलले तरी तो या जनुकाला चुकवतो. एवढ्या मेहनतीने तयार केलेला वाण विषाणूच्या एका बदलाने निकामी होऊ शकतो; त्यामुळे विषाणूच्या अनेक प्रकारांना एकाच वेळी रोखणाऱ्या प्रतिकाराचा शोध अधिक मोलाचा ठरतो.

असा प्रतिकार चायनीज कोबीच्या आरएलआर२२ या वाणात सापडला. त्याचा संकर आर-ओ-१८ या बळी पडणाऱ्या पिवळ्या सरसोंच्या वाणाशी करण्यात आला. २००७ मध्ये निष्कर्ष निघाला की प्रतिकाराला दोन जनुके लागतात: चौथ्या गुणसूत्रावरचे अप्रभावी (दोन्ही प्रती असल्या तरच गुण दाखवणारे) रेटर०१ आणि आठव्यावरचे प्रभावी कॉनटीआर०१. एकच अप्रभावी जनुक असते तर दुसऱ्या पिढीत चारांत एक झाड प्रतिकारक निघाले असते. दोन्हींची अट असली की सोळांत तीनच.

रेटर०१ म्हणजे विषाणूवर चालून जाणारे जनुक नव्हे; ते झाडाच्याच एका जनुकाचे बदललेले रूप आहे. झाडाच्या पेशीत प्रथिननिर्मिती सुरू करणारा ईआयएफ(आयसो)४ई नावाचा घटक असतो. स्वतःची प्रथिने बनवून घेण्यासाठी विषाणू आपल्या आरएनएच्या टोकाला जोडलेल्या प्रथिनाने त्यालाच धरतो. अ‍ॅराबिडॉप्सिस या जवळच्या नातलग वनस्पतीत हे जनुक बंद पाडले की विषाणू वाढत नाही, हे २००२ मध्ये दाखवले गेले होते. ब्रॅसिकात मात्र घोळ आहे. तिच्या पूर्वजाचा संपूर्ण जनुकसंच तिप्पट झाला, त्यामुळे ब्रॅसिका रापात (चायनीज कोबी, सलगम आणि सरसोंची जाती) या घटकाच्या तीन प्रती आहेत, आणि विषाणू एकाहून अधिक प्रती वापरू शकतो. मग नेमकी कोणती प्रत बिघडली की झाड वाचते, हा सगळ्या शोधाचा गाभा झाला. २०१४ मध्ये उत्तर आले: आरएलआर२२ मध्ये एका प्रतीचा आरएनए चुकीच्या जागी कापून जोडला जातो, त्यामुळे विषाणूला हवे तसे प्रथिन तयार होत नाही. झाडाचे काम उरलेल्या प्रतींवर भागते. चीनमधील संशोधकांनी शोधलेले रेटर०२ हेही याच घटकाचे बदललेले रूप आहे.

जनुकाचा नेमका बदल कळला की पैदासकाराला प्रत्येक पिढीत विषाणू चोळून पाहावा लागत नाही; रोपाच्या पानाच्या तुकड्यातील डीएनएवरून निवड होते. अप्रभावी जनुकासाठी हे विशेष उपयोगी, कारण एकेरी प्रत बाळगणारे झाड रोगाला बळी पडते आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

आपल्या फोडणीतली मोहरी, म्हणजे ब्रॅसिका जुन्सिया, ए आणि बी असे दोन जनुकसंच बाळगते. ए-संच ब्रॅसिका रापाकडून आलेला असल्याने संकराने ही जनुके तिच्यात आणण्याची वाट आहे, पण बी-संचातील प्रतीही विषाणूच्या उपयोगी पडतात का, हे तिच्यात वेगळे तपासावे लागते. कोबी आणि फ्लॉवरमध्ये सी-संच असतो. तिथे रापाचे जनुक नेणे आणखी अवघड.