ॲग्रीत मास्टर्स करायचं का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

ॲग्रीची डिग्री हातात आली की पुढचा प्रश्न ठरलेलाच, परदेशात मास्टर्स करू की कामाला लागू. रिसर्च, ब्रीडिंग, शिकवणं किंवा लॅबमधलं काम डोक्यात असेल तर मास्टर्स कराच, पण स्वतः शेती करायची असेल किंवा बियाणं-खतांच्या सेल्समध्ये जायचं असेल तर माझ्या मते आधी दोनेक वर्षं काम करा, कुठल्या विषयात शिरायचं ते तिथेच कळतं.

पात्रतेला ॲग्री, हॉर्टिकल्चर किंवा जवळच्या शाखेची पदवी लागते. बॉटनी, केमिस्ट्रीवाल्यांनाही घेतात, फक्त राहिलेले एकदोन विषय भरून काढायला सांगतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ४ पैकी किमान ३ जीपीए (ग्रेडची सरासरी) मागतात. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा आता कित्येक विभागांनी बंद केलीय, म्हणून विभागाची वेबसाईट बघितल्याशिवाय परीक्षेची फी भरू नका. आयईएलटीएस, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर २ वर्षंच चालतो, फार आधी देऊन ठेवू नका.

आता थीसिस, म्हणजे स्वतःच्या रिसर्चवर लिहायचा प्रबंध. नेदरलँड्सच्या वाखनिंगन विद्यापीठात मास्टर्स २ वर्षांचं, १२० क्रेडिटचं असतं आणि थीसिसला साधारण ३६ क्रेडिट जातात. अमेरिकेत थीसिस आणि नॉन-थीसिस असे दोन्ही मार्ग मिळतात. पुढे पीएचडी करायची असेल तर थीसिसच घ्या. आणि गाईडला एक गोष्ट नक्की विचारा, ट्रायलचे प्लॉट कधी पेरणार? कारण शेतातली ट्रायल सहसा दोन हंगाम घ्यावी लागते, तुम्ही पेरणी उरकल्यावर पोचलात तर तो हंगाम गेलाच आणि डिग्री तेवढी लांबली. असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवायला किंवा रिसर्चला मदत करायचं काम, आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा, अमेरिकेत ती बहुधा आठवड्याला २० तासांची असते, तिच्यात पगार मिळतो आणि बऱ्याचदा ट्यूशन फीही माफ होते.

कागदपत्रं म्हणाल तर सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट, डिग्री सर्टिफिकेट, सीव्ही, पासपोर्ट, दोन किंवा तीन शिफारसपत्रं आणि एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं तुमचं लिखाण. ट्रान्सक्रिप्ट काही ठिकाणी विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, त्याला वेळ लागतो. पासपोर्टवरचं आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना ते आजच बघा.

सगळ्यात जास्त वेळ एसओपीला द्या. 'मला लहानपणापासून शेतीची आवड' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा गव्हाच्या प्लॉटमध्ये तांबेऱ्याचे डाग मोजताना एकाच वाणावर ते कमी का दिसले, हे मला शोधायचंय, असं लिहा, म्हणजे तो अर्ज कुठल्या गाईडकडे पाठवायचा हे विभागाला लगेच समजतं. आणि असा एकही प्रश्न आठवडाभर बसूनही सुचला नाही तर यंदा अर्ज करू नका, एखाद्या रिसर्च फार्मवर एक हंगाम काम करा आणि पुढच्या वर्षी भरा.

शिफारसपत्रासाठी सरांना डेडलाईनच्या महिनाभर आधी सांगा, सोबत सीव्ही आणि एसओपीचा ड्राफ्टही पाठवा.