राज्यसभेचं मत दाखवायचं, विधान परिषदेचं झाकायचं

जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या आमदारांनी दहा दिवसांत दोनदा मतदान केलं. विधानभवन तेच, मतदार जवळजवळ तेच, मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायची पद्धतही तीच. १० जूनला मतदान होतं राज्यसभेसाठी. त्यात पक्षाच्या प्रत्येक आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागली. २० जूनला विधान परिषदेसाठी मतदान झालं. तिथे त्याच आमदाराने त्याच प्रतिनिधीला तशीच मतपत्रिका दाखवली असती, तर ते मत बाद झालं असतं.

इतका उलटा नियम असूनही दर वेळी घोळ तोच. परिषदेचा निकाल लागला की लोक विचारतात, पक्षाने मतपत्रिका पाहिल्या होत्या ना, मग फुटलेल्यांची नावं का सांगत नाहीत? राज्यसभेचा निकाल लागला की कुणीतरी हमखास लिहितं, गुप्त मतदानाचा फायदा घेऊन मतं फुटली. दोन्ही वाक्यं चूक आहेत, आणि ज्यांना हे विधानभवनाच्या दारात उभं राहून सांगायचे पैसे मिळतात त्यांच्याही तोंडी मी ती ऐकली आहेत. त्याचा मला मनापासून त्रास होतो. कारण या एका फरकावर बाकीचं सगळं राजकारण उभं आहे: आमदारांना हॉटेलात का ठेवतात, कोणत्या निवडणुकीत जास्त मतं फुटतात, आणि फुटलेल्याचं पुढे काय होतं.

राज्यसभेचं गणित तुम्हाला माहीत असणार, म्हणून भरभर. महाराष्ट्राच्या १९ जागा, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त. अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ आणि मतदार म्हणजे विधानसभेचे निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० जागांवर हेच आमदार मतदान करतात. उरलेल्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२, पदवीधरांच्या ७, शिक्षकांच्या ७ आणि राज्यपालनियुक्त १२. या लेखात परिषद म्हटलं की फक्त त्या ३० जागा समजा.

किरकोळ फरक दोन-तीन आहेत. परिषदेचा उमेदवार याच राज्याच्या मतदारयादीत असावा लागतो. राज्यसभेला ती अट २००३ पासून उरलेली नाही, म्हणूनच उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून खासदार होऊ शकले. परिषदेत जाणारी व्यक्ती आमदारांच्या मतांवर जाते, पण ती विधानसभेची सदस्य राहू शकत नाही. राज्यसभेवर आमदारही निवडून जाऊ शकतो, मात्र मग एक जागा सोडावी लागते. कोट्याचं, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांचं, सूत्र दोन्हीकडे सारखंच. एकूण वैध मतांना १०० ने गुणायचं, जागांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागायचं, अपूर्णांक सोडून एक मिळवायचा. २०२२ च्या राज्यसभेत २८४ वैध मतं आणि ६ जागा, म्हणजे ४०५८. एका आमदाराचं मत १०० धरतात, म्हणून थोडक्यात ४१ आमदार. त्याच महिन्यात परिषदेच्या १० जागांसाठी २६ आमदार लागत होते. जागा जास्त तर कोटा कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता मुद्द्याचं.

२००३ पर्यंत दोन्ही निवडणुका गुप्तच होत्या. राज्यसभेच्या जागा पैशाच्या जोरावर घेतल्या जातात, ही तक्रार वाढत गेली आणि २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५९ ला जोड दिली गेली की राज्यसभेची जागा भरण्यासाठी होणारं मतदान खुल्या मतपत्रिकेने होईल. शब्द राज्यसभेपुरतेच आहेत. विधान परिषद त्यात आली नाही, म्हणून परिषदेचं मतदान आजही गुप्त आहे. ज्येष्ठ पत्रकार आणि राज्यसभेचे माजी सदस्य कुलदीप नायर या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. गुप्तता हा लोकशाहीचा आत्मा आहे, हा युक्तिवाद तिथे झाला. २००६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती कायम ठेवली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीला मतदान गुप्त असेल असं राज्यघटना स्पष्ट लिहिते, राज्यसभेच्या बाबतीत तसं लिहीत नाही. शिवाय गुप्ततेच्या आडून भ्रष्टाचार होत असेल, तर निवडणुकीची शुद्धता वरचढ.

‘खुलं मतदान’ या शब्दामुळे दुसरा गैरसमज होतो. खुलं म्हणजे हात वर करून नव्हे, सगळ्यांसमोर तर नव्हेच. मतदानकक्षात प्रत्येक पक्षाचा एक प्राधिकृत प्रतिनिधी बसलेला असतो. आमदार आडोशाला जाऊन पसंती लिहितो, बाहेर येतो, स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवतो, घडी घालून पेटीत टाकतो. दाखवायला नकार दिला तर मतदान अधिकारी मतपत्रिका परत घेतो आणि ती रद्द होते. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला दाखवली तरी मत बाद. अपक्षांना पक्षच नाही, म्हणून त्यांनी कुणालाही दाखवायची नाही. म्हणजे एकाच खोलीत, एकाच निवडणुकीत, पक्षाच्या आमदाराने न दाखवणं चूक आणि अपक्षाने दाखवणं चूक. खुलेपणा आहे तो फक्त पक्ष आणि त्याचा आमदार या दोघांमधला. बाकी जगासाठी ते मतही गुप्तच.

हे बारकावे कागदोपत्री वाटतात, पण त्यांवर निकाल फिरलेले आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये गुजरातेत राज्यसभेच्या निवडणुकीत काँग्रेसच्या दोन आमदारांनी मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीखेरीज इतरांनाही दाखवल्या. रात्री उशिरापर्यंत दोन्ही पक्षांची शिष्टमंडळं निवडणूक आयोगाच्या दारात होती. आयोगाने ती दोन मतं बाद केली, त्यामुळे कोटा खाली आला आणि काँग्रेसचे अहमद पटेल ४४ मतांवर निवडून आले. आपल्याकडे १० जून २०२२ ला असंच झालं. आक्षेप पाच आमदारांच्या मतांवर घेतले गेले. मतपत्रिका नुसती दाखवली की हातात दिली, एकाला दिसली की दोघांना, यावर तक्रारी दिल्लीला गेल्या. मतमोजणी खोळंबली आणि निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे लागला. बाद ठरलं ते शिवसेनेच्या सुहास कांदे यांचं एक मत. सहाव्या जागेवर सेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. जिंकले महाडिक, कारण पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं देऊन भाजपने कोट्याच्या वरची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळवली होती.

आता दहा दिवस पुढे या. भाजपचे स्वतःचे आमदार १०६. राज्यसभेला त्यांच्या तीन उमेदवारांना मिळून पहिल्या पसंतीची १२३ मतं मिळाली होती. परिषदेला हा आकडा १३४ झाला. उमेदवार ११, जागा १०, पाडाव झाला काँग्रेसच्या चंद्रकांत हंडोरेंचा, ज्यांना पक्षाने आपला पहिला उमेदवार ठरवलं होतं. दहा दिवसांत अकरा मतं वाढली. त्यामागे इतर कारणं असतील, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेला निघाले हे सगळ्यांना आठवत असेलच. पण पहिल्या मतदानात पक्षाचा डोळा मतपत्रिकेवर होता आणि दुसऱ्यात नव्हता, हे सोडून त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या विश्लेषणावर माझा विश्वास बसत नाही. राज्यसभेत जी मतं हलली असं म्हणतात ती मुख्यतः अपक्षांची आणि छोट्या पक्षांची. अपक्षावर तर तिथेही कुणाची नजर नसते.

१२ जुलै २०२४ ला पुन्हा तेच दिसलं. परिषदेच्या ११ जागा, १२ उमेदवार, कोटा २३. महायुतीचे नऊच्या नऊ निवडून आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले. मग आठवडाभर नावांच्या याद्या फिरल्या. त्या याद्या अंदाजाच्याच असतात, हे वाचकाला सांगायलाच हवं. मोजणीच्या टेबलावर मतपत्रिका उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिसतात, पण त्यांवर आमदाराचं नाव नसतं. पसंतीच्या क्रमावरून तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, आणि एखाद्या आमदाराचं नाव ‘फुटला’ म्हणून छापताना तरी हा फरक पाळायला हवा.

यानंतर सगळ्यात चिवट गैरसमज: व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा पक्षाने आपल्या आमदारांना दिलेला आदेश. ‘पक्षाने व्हिप काढला, तो मोडला तर आमदारकी जाणार.’ राज्यसभेचं मतदान खुलं झाल्यापासून लोकांना हे अगदी पटतं. पक्षाला मत दिसतं, मत विरोधात गेलं, म्हणजे पक्षांतरबंदी लागू! तसं नाही. राज्यसभेसाठी आमदाराने केलेलं मतदान हे सभागृहाचं कामकाज मानलं जात नाही, आणि राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, सभागृहातल्या मतदानाबद्दल बोलते. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही, असं कुलदीप नायर प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पक्ष त्याला काढून टाकू शकतो, पुढचं तिकीट नाकारू शकतो, यापलीकडे नाही.

मग हिमाचल प्रदेशात सहा आमदार अपात्र कसे झाले? हा प्रश्न मला अनेकांनी विचारलेला आहे, आणि उत्तर या गोंधळावरचं सगळ्यात चांगलं औषध आहे. २७ फेब्रुवारी २०२४ ला तिथे राज्यसभेच्या एका जागेसाठी मतदान झालं. काँग्रेसच्या सहा आमदारांनी भाजपच्या हर्ष महाजनांना मत दिलं. काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी ३४, महाजन ३४. चिठ्ठी काढली आणि महाजन निवडून आले. दोनच दिवसांनी विधानसभाध्यक्षांनी त्या सहा जणांना अपात्र ठरवलं. पण कारण राज्यसभेचं मत नव्हतं. अर्थसंकल्पाच्या वेळी सभागृहात हजर राहून सरकारच्या बाजूने मतदान करा, असा व्हिप होता आणि ते आले नाहीत. राज्यसभेच्या मतपत्रिकेने पक्षाला कळलं कोण फुटलं, आमदारकी गेली ती सभागृहातल्या गैरहजेरीमुळे. या दोन गोष्टी दोन दिवसांच्या आत घडल्या म्हणून बातम्यांत एक झाल्या.

पैसे घेतले तर मात्र गोष्ट वेगळी. ४ मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं की लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचं कवच नाही, आणि राज्यसभेच्या मतदानालाही ते लागू आहे.

मध्येच रिकामी झालेली एकच जागा असेल, तर खुलं-गुप्त हा भेद तसाच राहतो, पण गणित सोपं होतं. निम्म्याहून जास्त मतं ज्याच्याकडे, त्याची जागा. म्हणून अशा जागा अनेकदा बिनविरोध जातात. राजीव सातव यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये राज्यसभेवर रजनी पाटील बिनविरोध गेल्या. त्याच वर्षी शरद रणपिसे यांच्या निधनाने परिषदेची जागा रिकामी झाली, तिथे प्रज्ञा सातव बिनविरोध आल्या. दोन्ही वेळा मतपत्रिका छापायची वेळच आली नाही.

माझं मत विचाराल तर परिषदेचं मतदानही खुलं व्हावं, आणि राज्यसभेचं आहे त्यापेक्षा जास्त खुलं व्हावं. गुप्तता सामान्य मतदाराला हवी, कारण त्याच्यावर मालक, सावकार, गावचा पुढारी दबाव आणू शकतो. आमदार मत देतो ते स्वतःच्या नावाने नव्हे, त्याच्या मतदारसंघातल्या लाखो लोकांच्या वतीने. पक्षश्रेष्ठींची पकड आणखी घट्ट होईल, हा आक्षेप मी मानतो, त्यात तथ्य आहे. पण आजच्या राज्यसभेच्या पद्धतीत ती पकड आहेच. पाहण्याचा हक्क पक्षाच्या माणसाला दिला आहे, ज्यांनी त्या आमदाराला निवडून दिलं त्यांना नाही. मतदान संपल्यावर कुणी कुणाला पसंती दिली ही यादी विधानभवनाच्या फलकावर लागली पाहिजे, अपक्षांसकट. १० जून २०२२ ला माझ्या आमदाराने कुणाला मत दिलं हे त्याच्या पक्षाच्या प्रतिनिधीला माहीत आहे. २० जूनचं कुणालाच नाही. मला दोन्ही माहीत असायला हवी होती.