ओडी, बीडी, एसओएस: चिठ्ठीवरची अक्षरं मुळात कुणासाठी होती?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर, डाव्या हाताला एक खूण असते. इंग्रजी आर आणि त्याच्या पायावरून गेलेली तिरकी रेघ. आपण तिला ‘आरएक्स’ म्हणतो. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या पाकिटावरही कायद्याने तीच छापावी लागते. ही खूण म्हणजे होरस नावाच्या इजिप्शियन देवाचा डोळा, किंवा गुरू ग्रहाचं चिन्ह, असं पुष्कळदा सांगितलं जातं. खरा अर्थ त्याहून साधा आहे. लॅटिनमध्ये ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’. स्वयंपाकातली रेसिपी हाच शब्द.

हे ‘घे’ रोग्याला सांगितलेलं नाही, औषध बनवणाऱ्याला सांगितलेलं आहे: अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, खल, मिसळ. पूर्वीच्या चिठ्ठीचे चार भाग असत. वर ही खूण, मग द्रव्यं आणि त्यांची मापं, मग ती कशी एकत्र करायची त्याची सूचना आणि शेवटी ‘सिग्ना’. या शेवटच्या भागात औषध कधी आणि किती घ्यायचं ते येई. पण ‘सिग्ना’चा अर्थसुद्धा ‘बाटलीवर लिही’ असाच आहे. म्हणजे रोग्याशी संबंध असलेली एकुलती एक ओळही बोलत होती कंपाउंडरशीच. डॉक्टरने लॅटिनमध्ये लिहायचं, कंपाउंडरने ते वाचून रोग्याला कळेल अशा भाषेत बाटलीवर उतरवायचं किंवा तोंडी सांगायचं, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात एक दुभाषा गृहीत धरलेला होता, आणि पुढचं सगळं समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आता ती अक्षरं पाहू. ओडी म्हणजे ‘ओम्नी दिए’, दररोज एकदा. बीडी म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे ‘तेर दिए सुमेंदुम’, दिवसातून तीनदा घ्यावं. क्यूआयडी म्हणजे चारदा. एसी आणि पीसी ही ‘आंते किबुम’ आणि ‘पोस्ट किबुम’ची आद्याक्षरं, किबुस म्हणजे अन्न, तेव्हा जेवणाआधी आणि जेवणानंतर. एचएस म्हणजे झोपायच्या वेळी. ‘स्टॅट’ हे आद्याक्षर नाही, ‘स्तातिम’ या शब्दाचा तुकडा आहे: ताबडतोब. आणि एसओएस म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर.

लॅटिनच का, याचं एक उत्तर सोयीचं आहे. युरोपभर विद्येची भाषा ती होती. इटलीतल्या पादुआत लिहिलेली चिठ्ठी लंडनमध्ये वाचता येई. पण भाषा कुंपणाचंही काम करते. लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजने १६१८ साली आपला औषधकोश लॅटिनमध्ये काढला. १६४९ मध्ये निकोलस कल्पेपर या माणसाने तो सरळ इंग्रजीत आणला, म्हणजे गरिबाला परसातल्या पाल्याचा उपयोग कळेल. कॉलेज त्याच्यावर भयंकर चिडलं. आपल्याकडे संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणणाऱ्यांना जे सोसावं लागलं, ते आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे १८६४ चा पहिला ब्रिटिश औषधकोश इंग्रजीतच निघाला. तरी चिठ्ठीतली लॅटिन अक्षरं तशीच राहिली, कारण तोवर ती हाताच्या सवयीत गेली होती.

मुंबईत हे सगळं येण्यापूर्वी एक वेगळी वाट काही काळ उघडी होती. १८२६ मध्ये इथे डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली वैद्यकशाळा सुरू झाली आणि तिथे देशी भाषांतून शिकवत. १८३२ मध्ये ती बंद पडली. तीनच वर्षांनी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल बेंटिंकने देशी भाषांतले वैद्यकाचे वर्ग मोडून इंग्रजी माध्यमाचं कॉलेज काढलं. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं ते इंग्रजीतूनच. गोव्यात १८४२ पासून पोर्तुगीज वैद्यकशाळा होती. ग्रँटमधून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. तेव्हा मुंबई विद्यापीठ नव्हतं, म्हणून या मंडळींच्या नावापुढे जीजीएमसी लागे: ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर. पाटीवरच्या आद्याक्षरांची आपल्याकडची परंपरा तिथून चालत आली. मॅक्लेनन यांची शाळा टिकली असती तर चिठ्ठी मराठीत आली असती, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण तसा प्रयत्न झाला होता आणि तो सहा वर्षं चालला, हे आपल्या वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे सांगायला हवं.

दुभाष्याचं काम मात्र आपल्याकडे फार सुंदर झालं. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना दवाखान्यातली लाल किंवा गुलाबी मिक्श्चरची बाटली आठवत असेल. तिच्यावर उभी चिकटवलेली कागदाची पट्टी असे, कडेने कातरीने खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. टीडीएस हे अक्षर रोग्यापर्यंत पोचतच नसे. पोचत असे ती कातरलेली पट्टी, आणि ‘सकाळी, दुपारी, रात्री एकेक खूण, हलवून घ्या’ हे कंपाउंडरचं वाक्य. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही बोटाने खाच चाचपता येई. समोरच्या माणसाला काय समजेल याचा इतका नेमका विचार आजच्या चकचकीत पाकिटावर मला दिसत नाही.

त्या काळाची आणखी एक खूण आपल्या घरात अजून आहे. जुनं औषधी वजन ग्रेनमध्ये मोजत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. पाच ग्रेन केले की ३२४ आणि दहा केले की ६४८. ॲस्पिरिनची गोळी ३२५ ची का आणि तापाची पॅरासिटामॉल ६५० ची का, याचं उत्तर हे आहे. भारताने दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये केला, पण गोळीच्या पोटात ग्रेन राहिलाच.

मग गोळ्या कारखान्यातून तयार होऊन येऊ लागल्या. खल-बत्ता गेला, बाटली गेली, कातरलेली पट्टी गेली आणि दवाखान्यातला कंपाउंडरही बहुतेक ठिकाणी गेला. चिठ्ठी थेट रोग्याच्या हातात आली. अक्षरं मात्र दुभाष्यासाठी लिहिलेलीच राहिली.

याचा त्रास सर्वांत जास्त एसओएसने दिला आहे. बुडत्या जहाजाचा एसओएस आपल्याला सिनेमातून माहीत असतो. तो तारायंत्रावर सहज ओळखू येणारा म्हणून १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरलेला संकेत, लॅटिन एसओएसशी त्याचा काही संबंध नाही. पण चिठ्ठीवर तीच तीन अक्षरं दिसली की ‘अगदी जिवावर बेतलं तरच’ असा अर्थ घेतला जातो. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी उशाशी असते आणि माणूस ‘अजून एवढं नाही’ म्हणत कळ सोसत बसतो. उलट दुसऱ्या घरात दुखलं तरच घ्यायची वेदनाशामक गोळी दिवसातून तीनदा नेमाने घेतली जाते. ‘दुखलं तर घ्या, दिवसात दोनपेक्षा जास्त नको’ हे लिहायला एक ओळ लागते.

ओडीचंही तसंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओडी म्हणजे ‘ओकुलुस देक्स्तेर’, उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीत तो उजवा डोळा की रोज एकदा, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये काही संक्षेप वापरायचेच नाहीत अशी यादी केली. तिच्यात युनिटसाठीचं ‘यू’ आहे, कारण इन्सुलिनच्या १० पुढचा तो यू घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. दशांश चिन्हानंतरचं अनावश्यक शून्यही आहे, कारण टिंब पुसट उमटलं की १.० चे १० होतात.

शब्दांची आपल्याकडे उणीव होती म्हणावं, तर तसंही नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: रिकाम्या पोटी, जेवणाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, घासाघासाला, दोन घासांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर, आणि रात्री निजताना. एसी, पीसी आणि एचएस हे तिन्ही त्यात येतात, शिवाय लॅटिन संक्षेपांत सहसा न सापडणारे बारकावेही आहेत. आजीचं ‘अनशेपोटी घे’ हे याच परंपरेतलं. संक्षेपच हवा असेल तर १-०-१ हा आपल्या डॉक्टरांनी रुळवलेला प्रकार मला फार मोलाचा वाटतो. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तो कुठल्याही भाषेत वाचता येतो.

२०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियम बदलून औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितलं. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येईल अशी चिठ्ठी हा रुग्णाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. दोन्ही पावलं हवीच होती. पण छापील, स्वच्छ, ठळक ‘टीडीएस’ वाचूनही सोलापूरच्या एखाद्या आजींना दुपारची गोळी घ्यायची की नाही ते कळणार नाही.

ते अजूनही कळतं मेडिकलमधल्या माणसाकडून. तो पाकीट उलटं करतो, कानामागचं पेन काढतो आणि चंदेरी कागदावर लिहितो: ‘स. १, रा. १, जेवल्यावर’. सिग्ना म्हणजे हेच.