चामड्याची सीट आणि ०.१५ मिलिमीटर

ट्रकच्या कापडी सीटवर चामड्याची खोळ चढवून घेतली की पहिली गोष्ट कोणीही करतो ती म्हणजे तिच्यावरून हात फिरवून बघणे. हाताला लागते ते मात्र बहुतेक वेळा चामडे नसतेच. गाड्यांसाठी बनवलेल्या चामड्यावर आधी रंगाचा आणि मग पारदर्शक पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. बोटे टेकतात ती त्या प्लास्टिकवर. यात फसवाफसवी काही नाही. युरोपीय मानकानुसार हा लेप ०.१५ मिलिमीटरपर्यंत असेल तर मालाला चामडे म्हणता येते. त्याहून जाड असेल तर ते ‘लेपित चामडे’. कापडाच्या जागी चामडे आल्यावर सीटच्या वागण्यात जे बदल जाणवतात, त्यांतल्या बऱ्याच बदलांचे मूळ या केसाएवढ्या थरात आहे.

थराखाली काय असते ते आधी पाहू. कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून असतात. ओले, कच्चे कातडे साधारण ६५ अंश सेल्सिअसला नेले की हा पीळ सुटतो, कातडे आक्रसते आणि पुढे त्याचे जिलेटिन होऊ लागते. कातडे कमावायचे म्हणजे या साखळ्यांना आपापसांत बांधून टाकायचे. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेले चामडे ओले असताना ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकते. क्रोमियमचे क्षार वापरले तर ते शंभरीच्या पुढे जाते. क्रोम पद्धतीचा शोध फ्रीडरिश क्नाप यांनी १८५८ मध्ये लावला, आणि १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी घेतलेल्या पेटंटनंतर ती कारखान्यांत रुळली. गाड्यांसाठी मात्र हल्ली क्रोमविरहित, ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने कमावलेले चामडेही पुष्कळ वापरतात. काचेआडच्या कोरड्या उष्णतेत ते कमी आक्रसते, आणि ताणून बसवलेल्या खोळीला तेच हवे असते.

उन्हात उभ्या ट्रकची चामडी सीट मांडीला चटका देते आणि शेजारची कापडी सीट देत नाही. दोन्हींचे तापमान अगदी सारखे असले तरी हे घडते. त्वचेला तापमान जाणवते ते दोन पृष्ठभाग टेकतात त्या जागेचे, आणि ते कोण किती झपाट्याने उष्णता पुरवू शकतो यावर ठरते. तिथे पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि उष्णता साठवण्याची क्षमता या तिघींचा गुणाकार कामाला येतो. चामडे घट्ट असते. कापडाच्या विणीत मात्र हवाच जास्त, आणि हवेकडे देण्यासारखी उष्णता फारशी नसते. ढोबळ आकडे धरून हिशेब केला, की ७० अंश तापलेल्या चामड्याला ३३ अंशांची त्वचा टेकताच टेकलेल्या जागेचे तापमान ४४ अंशांच्या आसपास येते. तितक्याच तापलेल्या कापडावर ते ३६-३७ अंशांवरच राहते. आता त्वचेतला पोळल्याची वर्दी देणारा संवेदक, टीआरपीव्ही१, जागा होतो साधारण ४३ अंशांना. (तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले.) म्हणजे एक सीट सीमारेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे. मधले अंतर सात-आठ अंशांचेच, पण माणूस एकीवर निवांत बसतो आणि दुसरीवरून ताडकन उठतो.

सीट ७० अंशांपर्यंत जाते का? अमेरिकेतल्या ॲरिझोनात संशोधकांनी उन्हाळी दिवसांत गाड्या तासभर उन्हात उभ्या करून मोजमाप केले होते. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सीटचे सरासरी तापमान ५१ अंशांच्या आसपास भरले आणि डॅशबोर्डचे ६९. पण ही झाली सरासरी. काळ्या सीटवर काचेतून थेट ऊन पडले की त्या पट्ट्यापुरता आकडा वर चढतो. म्हणून रंग निवडताना फिका घ्यावा असे माझे मत आहे. मळखाऊ म्हणून काळा घेणाऱ्यांचे कारण मला पटत नाही, कारण लेप दिलेल्या चामड्यावरचा मळ पुसला जातो, चटका पुसता येत नाही.

हिवाळ्यात हाच हिशेब उलटा चालतो. गारठलेले चामडे अंगातली उष्णता पटकन ओढून घेते. सीटमध्ये गरम करणारी तार असेल, तर नव्या खोळीच्या मागच्या फोममुळे तिची ऊब वर पोहोचायला वेळही जास्त लागतो.

लांब पल्ल्याच्या चालकाला चटक्यापेक्षा घाम जास्त छळतो. चटका पाच मिनिटांत निवतो, घाम दिवसभर असतो. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून जवळजवळ २४०० जूल उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तरच. कापड आणि खालचा फोम दोन्ही सच्छिद्र असल्याने बाष्पाला वाट मिळते. नुसते, लेप नसलेले चामडेही या बाबतीत वाईट नाही. कोलॅजेन पाणी शोषून धरतो आणि हळूहळू सोडतो. त्या लेपाने हे दार बरेचसे लोटले जाते, आणि पीव्हीसीचे रेक्झिन असेल तर बंदच होते. बारीक भोके पाडलेले चामडे हा त्यावरचा उपाय, पण भोकांच्या मागचे अस्तर आणि फोम हवा सोडणारे हवेत. एरवी भोके शोभेपुरतीच. सीटच्या पोटात पंखा असेल तर बिनभोकांची खोळ चढवणे म्हणजे तो पंखा फुकट घालवणे.

हवेची हीच अडचण कानाने ओळखता येते. नव्या खोळीवर धपकन बसलात की शिवणींतून ‘फुस्स’ असा आवाज येतो. फोममधली हवा पूर्वी कापडातून बिनबोभाट निघून जायची, आता ती टाक्यांच्या भोकांतून वाट काढते. उठल्यावर सीट पुन्हा फुगायला क्षणभर जास्त लागतो, तो त्यामुळेच.

बाजारात ‘लेदर सीट’ या नावाखाली मिळणाऱ्या खोळींत चामडे बहुधा अंग टेकते तेवढ्याच जागी असते. कडा आणि पाठीमागची बाजू रेक्झिनची असते. त्यात गैर काही नाही, विचारून घ्यावे एवढेच. ‘बाँडेड लेदर’ मात्र टाळावे. तो चामड्याचा भुगा चिकटद्रव्याने बांधून केलेला ताव असतो. अखंड कातड्यातली तंतूंची गुंतवण त्यात उरलेली नसते, म्हणून चढउतार जिथे होते त्या कडेला तो लवकर सोलवटतो. रेक्झिनचे दुखणे वेगळे. त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाळ्यात हळूहळू उडतात आणि समोरच्या काचेवर आतून धूसर, तेलकट पापुद्रा धरतात. कमावताना चामड्याला पाजलेल्या तेलांतूनही थोडे असे होते. वाहन उद्योगात ही धूसरता मोजण्याची रीतसर चाचणी आहे.

आता बसवण्याकडे. जुन्या खोळीवरून ओढून घालायचे सीट कव्हर आणि जुनी खोळ उतरवून तिच्या जागी बसवायची नवी खोळ, ही दोन अगदी निरनिराळी कामे आहेत. दुसऱ्या प्रकारात सीट गाडीतून बाहेर काढतात. फोमच्या खाचांमध्ये तारा पुरलेल्या असतात, आणि खोळीच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्ट्या त्या तारांना धातूच्या लहान कड्यांनी जखडलेल्या असतात. सीटवर दिसणाऱ्या खोलगट रेषा या कड्यांच्या ओढीने येतात. एक-दोन कडी राहून गेली तर तिथे चामडे खाचेतून उचलले जाते आणि वर्षभरात तिथेच सुरकुती धरते. चामडे ऊब आणि ओल मिळाली की सैलावते आणि ताणात ठेवले की हळूहळू त्या आकारात रुळते, म्हणून बसवणारे वाफेचा हात फिरवतात. वाफ बेताची हवी.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावे लागते, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली राहते. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा तिचेच असतात.

पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेत, खोळीच्या आत दडलेली असते. बाजूने धडक बसते तेव्हा माणूस आणि दार यांत जेमतेम वीतभर जागा असते, त्यामुळे तिला १० ते २० मिलिसेकंदांत बाहेर यावे लागते. मूळ खोळीवरची तेवढीच एक शिवण जाणूनबुजून कच्ची ठेवलेली असते: दोरा कमी ताकदीचा, टाके मोजूनमापून घातलेले. बॅग फुगली की हीच शिवण आधी उसवते. तिथे जाड नायलॉनचा दोरा दुहेरी घातला, की बॅग अडते किंवा भलत्या दिशेने बाहेर पडते. शिवण बाहेरून अगदी सारखी दिसते, कसबी कारागीरही ती नुसती बघून खात्री देऊ शकणार नाही. म्हणून अमुक मॉडेलसाठी, एअरबॅग उडवून तपासलेली खोळ आहे का, हे चामड्याच्या दर्जाच्याही आधी विचारावे. ‘कुठल्याही सीटला बसते’ म्हणून विकले जाणारे अखंड बाजूंचे कव्हर अशा सीटवर घालूच नये.

चालकाच्या शेजारच्या सीटमध्ये आणखी एक भानगड असते. तिथे कोण बसले आहे, मोठा माणूस की लहान मूल, हे ओळखून समोरची एअरबॅग चालू-बंद करणारा संवेदक अनेक गाड्यांत बसवलेला असतो. काहींत तो फोमखालची द्रवाने भरलेली पिशवी असते, काहींत सीटच्या आधारांवरचा भारमापक, काहींत विद्युतधारकता (वीज साठवून धरण्याची क्षमता) मोजणारी चटई. नवी खोळ जुनीपेक्षा घट्ट ओढलेली असेल तर पिशवीवर सीट रिकामी असतानाही दाब राहतो. मधला थर जाड झाला तर चटईला माणूस कमी जाणवतो. अशा गाडीत खोळ बदलल्यावर संवेदकाचे शून्य निर्मात्याच्या पद्धतीने पुन्हा बसवून घ्यावे लागते, आणि सीट रिकामी असताना व मोठा माणूस बसलेला असताना डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बरोबर बदलतो का, हे काम करणाऱ्याच्या समोरच पाहून घ्यावे.