नववास्तववाद (इटालियन चित्रपट)

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत उदयाला आलेला आणि साधारणतः १९४३ ते १९५२ या काळात बहरलेला चित्रपटप्रवाह. बेकारी, परकीय ताबा, घरांची टंचाई आणि शेतमजुरांची दैना हे त्याचे विषय होते. प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि चाळवजा वस्त्यांत केलेले चित्रीकरण, अभिनयाचा अनुभव नसलेल्या माणसांना दिलेल्या प्रमुख भूमिका आणि सुखान्ताची सक्ती न मानणारे कथानक ही त्याची ओळखीची लक्षणे. त्याला जाहीरनामा नव्हता की सभासदत्वही नव्हते. त्यामुळे कोणता चित्रपट नववास्तववादी आणि कोणता नाही, हा वाद अभ्यासकांत अजूनही चालू असतो.

मुसोलिनीच्या राजवटीने चित्रपटसृष्टीवर मुबलक पैसा खर्च केला होता. रोमजवळची चिनेचित्ता ही भव्य चित्रनगरी १९३७ मध्ये उघडली. त्या काळात श्रीमंत दिवाणखान्यांत घडणाऱ्या हलक्याफुलक्या प्रेमकथांची चलती होती, आणि त्यांत हटकून दिसणाऱ्या पांढऱ्या टेलिफोनवरून अशा चित्रपटांना ‘पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट’ असे नावच पडले. या गुळगुळीतपणाला कंटाळलेले तरुण समीक्षक आणि दिग्दर्शक सरकारी आश्रयाखालच्याच चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत आणि नियतकालिकांत तयार होत होते, हा त्यातला विरोधाभास. लुकिनो व्हिस्कोंती यांचा ‘ओसेस्सिओने’ (१९४३) हा या असंतोषाचा पहिला ठळक आविष्कार मानला जातो. तो एका अमेरिकन गुन्हेकथेवर आधारलेला असला, तरी पो नदीच्या खोऱ्यातला धुळकट इटली त्यात जसा दिसला, तसा पडद्यावर तोवर क्वचितच दिसला होता.

प्रवाहाला जगभर नाव मिळवून दिले ते रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या ‘रोम, ओपन सिटी’ने (१९४५). जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये, उत्तर इटलीत लढाई चालू असतानाच, चित्रीकरण सुरू झाले. चिनेचित्तात तेव्हा निर्वासितांची छावणी होती. मिळतील ते फिल्मचे तुकडे जोडून हा चित्रपट पुरा केला, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. पुढे मूळ निगेटिव्ह तपासले तेव्हा त्यात फिल्मचे तीनच प्रकार आढळले. शिवाय प्रमुख भूमिकांतील आन्ना मान्यानी आणि आल्दो फाब्रित्सी हे रंगमंचावरचे लोकप्रिय कलावंत होते आणि घरातली बरीच दृश्ये तात्पुरत्या उभारलेल्या सेटवर घेतलेली होती. नववास्तववाद हा निव्वळ टंचाईतून जन्मला, हे म्हणूनच अर्धसत्य ठरते. टंचाई खरी होती, पण कॅमेरा कशाकडे वळवायचा याची निवड जाणीवपूर्वक केलेली होती.

तंत्राबाबतही तसेच. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनी मुद्रित न करता संवाद नंतर डब करण्याची इटलीतली रूढ पद्धत यांतल्या बहुतेक दिग्दर्शकांनी सोडली नाही. उलट तिच्यामुळेच कॅमेरा रस्त्यावर मोकळेपणाने फिरवता आला आणि नवख्या माणसाच्या तोंडी व्यावसायिक कलाकाराचा आवाज घालता आला.

व्हित्तोरिओ दे सीका आणि पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांच्या जोडीने या प्रवाहाला सर्वांत मानवी रूप दिले. ‘बायसिकल थीव्ह्ज’मधल्या (१९४८) बेकार नायकाला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी लागणारी सायकल गहाण पडलेली असते. बायको पलंगावरच्या चादरी काढते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवली जाते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडे घेऊन मांडण्यांवर चढू लागतो आणि कॅमेऱ्याला दिसतात ती छतापर्यंत रचलेली इतर घरांची गाठोडी. एका कुटुंबाची अडचण साऱ्या शहराची आहे, हे एकही संवाद न वापरता सांगून होते. पहिल्याच दिवशी नायक रीटा हेवर्थचे पोस्टर लावत असताना सायकल चोरीला जाते. हॉलिवुडची ही छबी तिथे योगायोगाने आलेली नसावी. नायकाची भूमिका लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगाराने केली.

व्हिस्कोंती यांनी ‘ला तेर्रा त्रेमा’साठी (१९४८) सिसिलीच्या आची त्रेझ्झा गावातले कोळीच निवडले आणि त्यांना त्यांच्या बोलीतच बोलू दिले, ती इतर इटालियनांना कळेना, म्हणून निवेदन जोडावे लागले.

मायदेशात मात्र या चित्रपटांपैकी मोजक्यांनाच गल्ला जमवता आला. युद्धकाळात अडलेले अमेरिकन चित्रपट एकदम बाजारात उतरले होते. १९४९ च्या कायद्याने देशी निर्मितीला अर्थसाहाय्य मिळाले, पण त्याबरोबर पटकथांवर सरकारी नजरही आली. निवृत्तिवेतनावर भागवू न शकणाऱ्या वृद्धाची कथा सांगणारा दे सीका यांचा ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) आला, तेव्हा चित्रपटविषयक सरकारी खात्याचे सूत्रधार जूलिओ आन्द्रेओत्ती यांनी जाहीर पत्र लिहून नापसंती कळवली. देशाची लक्तरे वेशीवर टांगू नयेत, असा त्यांचा एकूण रोख होता. पुढे फेदेरीको फेल्लीनी आणि मिकेलान्जेलो आन्तोनिओनी यांनी हाच वारसा माणसाच्या अंतर्मनाकडे वळवला.

भारतात हा प्रवाह पोचला तो मुख्यतः मुंबईमार्गे. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. प्रेक्षकांत बिमल रॉय होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्यात गाणी आहेत, भावनाट्य आहे, म्हणून त्याला अस्सल नववास्तववादी न मानणारेही आहेत; पण दे सीका यांच्या चित्रपटांतले पार्श्वसंगीत काही कमी भावविवश नाही. सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५० मध्येच लंडनमध्ये पाहिला होता, आणि नवख्या कलाकारांना घेऊन बाह्यचित्रीकरण करण्याचा त्यांचा बेत त्यामुळे पक्का झाला. रोस्सेलिनी स्वतः १९५६ च्या अखेरीस भारतात आले. येथील चित्रीकरणातून त्यांचा ‘इंडिया : मातृभूमी’ हा चित्रपट १९५९ मध्ये पुरा झाला.