बाप्टिस्ट पाळकांच्या कुटुंबांसाठी मृत्युपत्रातून देणगी: गोव्यात कुठे अडतं?

घरी कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवलेलं मृत्युपत्र मुंबईच्या नातेवाइकांचं चालतं. गोव्याचा वारसा कायदा लागू असलेल्यांचं तसं चालत नाही. इथे ते विशेष नोटरीसमोरच व्हावं लागतं. हे काम तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात होतं. ओळखपत्र, दोन साक्षीदार आणि शुल्क एवढी तयारी लागते, आणि नोटरी मजकूर आपल्या वहीत उतरवतो. ज्यांना लाभ मिळणार आहे ते पाळक (चर्चचे धर्मोपदेशक) किंवा ट्रस्टचे विश्वस्त साक्षीला नेऊ नका.

खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे 'माझं' किती. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या कायद्याने जोडप्याची मालमत्ता सामाईक असते. समजा सगळं मिळून ८० लाखांचं आहे. त्यातले ४० लाख जोडीदाराचेच. तुमच्या ४० लाखांपैकी निम्मे मुलांसाठी राखीव, ते तुम्ही हलवू शकत नाही. मनाप्रमाणे देता येतात फक्त २० लाख. त्याहून जास्त लिहिलंत तर मृत्युपत्र रद्द होत नाही, पण वारसांनी मागणी केली की जादा भाग कापला जातो, आणि कोर्टातल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसा वाटपाच्या कामकाजात, तुमची मुलं व मंडळी (चर्च) समोरासमोर उभी राहतात. मुंबईचा फ्लॅटही या हिशेबात येतो, कारण गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागू असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून अमुक घर न लिहिता 'माझ्या मोकळ्या हिश्श्यातून इतकी रक्कम' असं लिहिणं बरं.

कोणाच्या नावे, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या स्वतंत्र असतात, वर बिशप नाही. पाळकाला निवृत्तिवेतन मिळेल की नाही, हे त्याच्या मंडळीवर असतं. पाळक गेले की मंडळीने दिलेलं राहतं घरही सुटतं आणि बायको-मुलं उघड्यावर येतात. या माणसांसाठीच तर ही देणगी आहे. तरीही 'आमच्या पाळकसाहेबांना' असं लिहू नका. ते तुमच्याआधी गेले तर हेतूच संपतो. नोंदणीकृत ट्रस्टचं विश्वस्तपत्रातलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि 'पाळकांच्या विधवा, मुलं व निवृत्त पाळक यांच्यासाठी' हा उद्देश लिहा. ट्रस्टचा कागद आधी मागून घ्या. कित्येक मंडळ्यांना तो शोधायलाच महिना लागतो.

'देणगीचं मृत्युपत्र मरणाच्या बारा महिने आधी करायला हवं' ही भीती अजून फिरते. तो भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ चा नियम होता. सुप्रीम कोर्टाने तो २००३ मध्ये रद्द केला. आजारी माणसाला हे सांगून परत पाठवू नका.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: तुम्ही आता परदेशी नागरिक आहात, त्यामुळे ट्रस्टकडे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. ती नसेल तर पैसे अडकतात.

जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, हे गोव्यात घरोघरी असतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या, तिथल्या खिडकीवर वाद घालून काही होत नाही.

मृत्युपत्राची तारीख आणि कार्यालय विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा, कारण तुमच्या माघारी ट्रस्टला कळवायला कार्यालयातून कोणी येत नाही.