रेमिंग्टन दोनदा बुडाली, वॉरंटी दुसऱ्या वेळीच का गेली? थोडी पार्श्वभूमी

27 जुलै 2020 ला रेमिंग्टन या अमेरिकेतल्या जुन्या बंदूक कंपनीने दोन वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज टाकला तेव्हा बातम्यांत सगळीकडे कर्ज, लिलाव आणि सँडी हूकच्या खटल्याचंच चाललं होतं (2012 मध्ये त्या शाळेतल्या गोळीबारात कंपनीच्या बुशमास्टर ब्रँडची रायफल वापरली गेली होती, म्हणून कुटुंबांनी केलेला खटला). ज्यांच्या कपाटात या कंपनीची रायफल किंवा शॉटगन होती त्यांचा प्रश्न मात्र साधा होता, उद्या हिच्यात बिघाड झाला तर पाठवायची कुणाकडे? त्याचं उत्तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत मिळालं, जुनी वॉरंटी संपली, आणि ते बऱ्याच लोकांना पचलं नाही, कारण 2018 च्या पहिल्या दिवाळखोरीत वॉरंटीला धक्काही लागला नव्हता. मग यावेळी असं काय वेगळं झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. 1816 ची स्थापना, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावातला कारखाना, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. पण 1886 चं एक प्रकरण इथे कामाचं आहे. तेव्हाही ही कंपनी बुडाली होती आणि पैसा उभा करायला तिने टाइपरायटरचा धंदा नावासकट विकून टाकला. आपल्याकडे मराठी टायपिंग शिकलेल्या माणसाला रेमिंग्टन म्हटलं की बंदूक नाही, कीबोर्ड आठवतो, तो याच विक्रीमुळे वेगळ्या घरात गेलेल्या नावाचा वारसा. 1888 मध्ये बंदुकांचा भागही दुसऱ्या मालकांकडे गेला. म्हणजे या कंपनीचं नाव एकीकडे आणि जुनी देणी दुसरीकडे, हे पहिल्यांदा 2020 ला झालं असं नाही.

मधला काळ भराभर सांगतो. 1933 मध्ये ड्यूपाँटने बहुतांश हिस्सा घेतला, 1993 मध्ये विकला, आणि 2007 मध्ये एका प्रायव्हेट इक्विटी फंडने (कंपन्या विकत घेऊन त्यातून नफा काढणारा गुंतवणूक फंड) कर्जासकट जवळपास 37 कोटी डॉलरला कंपनी उचलली. या फंडकडे बुशमास्टर ही बंदूक कंपनी आधीपासून होती, लगेच मार्लिन ही रायफली बनवणारी कंपनीही आली, आणि अशा अनेक जुन्या नावांची एकच मोठी मोट बांधली गेली. कर्ज वाढत गेलं. मार्लिनचा कनेक्टिकटमधला कारखाना बंद करून काम इलियनला हलवलं आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या रायफली इतक्या खराब निघाल्या की मालक लोक त्यांना 'रेमलिन' म्हणायला लागले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ट्रिगरबद्दल, कारण वॉरंटीचा खरा जीव तिथे अडकला होता. मॉडेल 700 ही 1962 पासूनची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (गोळी भरायला बोल्ट नावाचा दांडा हाताने मागेपुढे करावा लागतो अशी), शिकारीसाठी लाखोंनी खपलेली. तिच्या जुन्या ट्रिगरमध्ये कनेक्टर नावाचा एक छोटा सुटा भाग असतो, तो नीट जागेवर बसला नाही तर ट्रिगरला हात न लावता, नुसती सेफ्टी काढताना किंवा बोल्ट हलवताना गोळी सुटू शकते असा आरोप अनेक खटल्यांत झाला. कंपनीने तो कायम नाकारला. पण खटल्यांतून बाहेर आलेल्या जुन्या कागदांप्रमाणे ज्याने हा ट्रिगर बनवला त्या इंजिनियरनेच 1948 मध्ये एक जास्त सुरक्षित बदल सुचवला होता आणि त्याचा खर्च होता बंदुकीमागे साडेपाच सेंट. तो बदल तेव्हा झाला नाही. 2006 ला नवा ट्रिगर आला, तर 2014 मध्ये त्याचंही रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी माल परत बोलावणं, करावं लागलं, जोडणीच्या वेळी चिकटवायचं द्रव्य जास्त लागलं होतं म्हणून.

आणि इथे एक गोष्ट भारतातल्या वाचकाला चटकन पटत नाही. अमेरिकेत टोस्टर किंवा लहान मुलांचा पाळणा सदोष निघाला तर सरकारी यंत्रणा तो परत घ्यायला लावू शकते, पण 1972 च्या ग्राहक सुरक्षा कायद्यातून बंदुका आणि काडतुसं बाहेर ठेवलेली आहेत. बंदुकीचं रिकॉल हे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे मालकाच्या हातात उरतं काय, तर वॉरंटी, कंपनीने स्वतःहून दिलेली दुरुस्ती, नाहीतर कोर्ट.

कोर्टातून एक मोठी तडजोड झाली पण. सुमारे 75 लाख बंदुकांच्या सगळ्या मालकांच्या वतीने एकत्र चाललेला क्लास अ‍ॅक्शन, बहुतेक मॉडेलना फुकट नवा ट्रिगर, आणि काही फार जुन्या मॉडेलना दुरुस्तीच्या जागी 10 किंवा 12.5 डॉलरचं व्हाउचर. रायफल अचानक सुटू शकते असा दावा आहे आणि हातात व्हाउचर, यावर मला आजही राग येतो. 2017 मध्ये न्यायालयाने मंजुरी दिली तोपर्यंत दावे आले होते 22 हजारांच्या आसपास, म्हणजे 75 लाखांपुढे काहीच नाही. अपिलं संपून शेवटची तारीख ठरली 23 एप्रिल 2020. तीन महिन्यांत कंपनी बुडाली.

आता मुख्य मुद्दा. मार्च 2018 ची पहिली दिवाळखोरी आधीच ठरवून केलेली होती. मोठ्या कर्जदात्यांशी करार होऊनच अर्ज दिला, कर्जाचं रूपांतर मालकीत झालं, फंड बाहेर पडला, आणि मे महिन्यात कंपनी परत उभी. अशा वेळी कंपनीला उद्याही दुकानात माल विकायचा असतो, त्यामुळे अर्जाच्या पहिल्याच दिवसांत ती न्यायालयाकडे परवानगी मागते की ग्राहकांना दिलेली आश्वासनं, वॉरंटी वगैरे, आम्ही पाळत राहतो. न्यायालय सहसा हो म्हणतं कारण ग्राहक पळाले तर कर्जदात्यांचंच नुकसान. म्हणजे वॉरंटी वाचली ती कायद्याने ग्राहकाला वरचं स्थान दिलं म्हणून नाही, कंपनीला ग्राहक हवा होता म्हणून.

2020 मध्ये उद्या उरलाच नव्हता. आख्खी कंपनी घेणाऱ्या एका गिऱ्हाईकाशी बोलणी चालली होती ती फिसकटली आणि सप्टेंबरमध्ये अलाबामातल्या न्यायालयात दिवाळखोरी कायद्याच्या कलम 363 खाली तुकड्या तुकड्याने विक्री झाली, सात खरेदीदार. दारूगोळा आणि रेमिंग्टन हे नाव 8 कोटी 14 लाख डॉलरला, मार्लिन रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे सुमारे 3 कोटींना, आणि इलियनचा कारखाना व उरलेला बंदुकांचा धंदा फक्त 1 कोटी 30 लाखांना. बुशमास्टर 17 लाखांना. या प्रकारच्या विक्रीत मालमत्ता जुन्या दाव्यांपासून मोकळी करून दिली जाते, आणि खरेदीदार कुठले करार घ्यायचे ते स्वतः निवडतो. जुन्या ग्राहकांची वॉरंटी कोण निवडणार? मग तुमची वॉरंटी म्हणजे दुरुस्तीचा हक्क न राहता जुन्या, रिकाम्या झालेल्या कंपनीवरचा विनातारण पैशाचा दावा होतो, आणि तारण असलेल्या कर्जदात्यांचं भागल्यावर त्या रांगेत फारसं काही पोचत नाही. सातशे डॉलरच्या रायफलसाठी फॉर्म भरून, मुदतीत दाखल करून बसणार कोण.

खरेदीदारांची बाजूही आहे. रुगरने ते 'रेमलिन' अंगावर घेतले असते तर लिलावात बोली कमी लागली असती, हे खरंच. त्यांनी सरळ जाहीर केलं की सिरियल नंबर आर-एमने सुरू होणाऱ्या, म्हणजे आम्ही बनवलेल्या मार्लिनचीच सर्व्हिस करू. इलियन घेतलेल्या नव्या कंपनीनेही स्वतः बनवलेल्या बंदुकांपुरतीच जबाबदारी ठेवली. पण माझं म्हणणं असं की ट्रिगरसारख्या सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी विक्रीच्या पैशातून एक छोटा राखीव निधी बाजूला काढता आला असता. तो मागायला टेबलावर माणूसच नव्हता, कारण रायफलमालक विखुरलेले आणि सरकारी यंत्रणेला अधिकारच नाही.

तुलना करायची तर 2009 चं जनरल मोटर्स बघा. तिथेही 363 ची विक्रीच, पण सरकारने अर्जाच्या आधीच गाड्यांच्या वॉरंटीची हमी घेतली आणि नव्या कंपनीने ती पुढे चालवली. नंतर इग्निशन स्विचचा दोष बाहेर आला तेव्हा 2016 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की ज्यांना दोष कळवलाच नाही त्यांचे दावे विक्रीने पुसता येत नाहीत. रेमिंग्टनच्या मालकांना हा रस्ता अवघडच, कारण रिकॉल आणि तडजोड दोन्ही जगजाहीर होती.

उलट जिथे विमा होता तिथे पैसे मिळाले. सँडी हूकच्या कुटुंबांशी फेब्रुवारी 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली ती विमा कंपन्यांच्या पैशातून, कंपनी तोवर विकून संपली होती. वॉरंटीच्या दुरुस्त्यांमागे असा विमा उभा नव्हता. आणि कामगारांचं म्हणाल तर इलियनमध्ये ऑक्टोबर 2020 ला 585 जणांना काढलं, त्यांची नुकसानभरपाई आणि आरोग्य विमा यावरून संघटनेला भांडावं लागलं, म्हणजे रांगेत मागे राहिलेले फक्त ग्राहक नव्हते. 2021 मध्ये कारखाना थोड्या लोकांवर पुन्हा सुरू झाला, नव्या मालकांनी मुख्यालय जॉर्जियाला हलवायचं ठरवलं, आणि मार्च 2024 मध्ये इलियन बंद, तेव्हा कामावर होते 270 च्या आसपास.

आज जुनी मॉडेल 700 ज्याच्याकडे आहे त्याने आधी सिरियल नंबर आणि ट्रिगर कुठला ते बघावं, आणि 2020 च्या आधीची असेल तर चांगल्या गनस्मिथकडून दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर बसवून घ्यावा, खर्च आता स्वतःचाच.